श्वे काकूंच्या घरचे पाव

खांग तशुन थोंगवेइच्या डोंगराळ मुलखातला. तिथल्या कोरडवाहू रानात बटाटा आला तर पोटाला, नाही तर उपास. १९८४च्या उन्हाळ्यात, घरचा गहू अजून हिरवा असताना, तो गावातल्या तिघांबरोबर पाठीला विळा बांधून पूर्वेकडे सोंगणीला निघाला. मागे म्हातारी आई, बायको आणि दोन मुली.

मालगाडीच्या उघड्या डब्यातून प्रवास. थ्येनश्वेइला उतरून त्यांनी आंबवणीतल्या शेवया खाल्ल्या. तिथवर चव घरचीच होती. पाओचीला मात्र शिरक्यात आणि लाल तिखटात बुडवलेल्या बारीक शेवयांनी तशुनच्या डोळ्यांतून पाणी काढलं. बरोबरचे माओ काका या वाटेनं पाच उन्हाळे गेलेले. ते म्हणाले, "आत्ताच रडतोस काय लेका? अजून खालच्या मुलखातला पांढरा पाव बघायचाय तुला!"

वेइ नदीच्या सपाटीवर श्वे काकूंनी चौघांना तीन दिवसांसाठी ठरवलं. त्या विधवा होत्या, मुलगा शहरात कामाला. घरात त्या आणि सून लानफांग. दुपारी पट्ट्यासारख्या रुंद शेवया, सकाळ-संध्याकाळ वाफवलेले पाव. मुठीएवढे, पांढरेशुभ्र, कोणी मोजून वाढत नव्हतं. पहिला पाव खाताना तशुनला धाकटी आठवली. तिनं असला पाव कधी हातात धरला नव्हता. दुसरा पाव त्यानं हळूच कोटाच्या अस्तरात सारला. मग प्रत्येक जेवणाला एक, आणि दुसऱ्या रात्री सगळे झोपल्यावर टोपलीतले चार. वाळवून नेला तर महिनाभर टिकतो, हे त्याला ठाऊक होतं.

मागितले असते तर काकूंनी दिले असते, कदाचित. पण मागायला जीभ रेटली नाही.

तिसऱ्या दिवशी सकाळी काकूंनी टोपली उघडली आणि त्यांचा आवाज चढला.

"लानफांग! काल रात्री भरून ठेवलेली टोपली उणी कशी झाली गं?"

"मला नाही ठाऊक, आई."

"तुला नाही तर कोणाला? परवा तुझा भाऊ येऊन गेला ना? माझ्या घरचं पीठ माहेरी पोचवतेस होय! त्यांच्याकडे चुली विझल्या काय?"

अंगणात चौघे उकिडवे बसले होते. लानफांग खाली मान घालून उभी राहिली. तिचे कान लालबुंद झाले. तशुनचा कोट त्याच्या मांडीखाली होता, आत आठ पाव. त्यानं वाडगं तोंडाला लावलं.

"ऐकून घ्या लोकहो," काकू सोंगणीवाल्यांकडे वळल्या, "सून आणली की चोर आणला!"

त्या दिवशी तशुननं सर्वांच्या पुढे जाऊन गहू कापला. माओ काका म्हणाले, "अंगात भूत शिरलं काय रे?" तो विळा चालवत राहिला.

घरी मुलींनी वाळलेले पाव गरम पाण्यात बुडवून खाल्ले. थोरलीनं बोटं चाटली. बायको म्हणाली, "केवढी दिलदार माणसं हो ती!" तशुन उठून शेळीला चारा टाकायला गेला.

पुढच्या वर्षी तो जवसाच्या तेलाचा डबा घेऊन सरळ श्वे काकूंच्या दारात उभा राहिला. पिठाच्या रांजणाला आता झाकण होतं, झाकणाला कुलूप, आणि किल्ली काकूंच्या कमरेला. ते कुलूप बघून त्यानं डबा उंबऱ्यावर ठेवला.

"काकू, गेल्या साली पाव मी चोरले. तुमच्या सुनेनं नाही."

काकूंनी हातातलं सूप खाली ठेवलं. "मेल्या, मग तेव्हा तोंडात काय बोळा होता?"

"लाज वाटली."

"तुला लाज वाटली म्हणून हिची गेली होय?"

पोळपाटाशी शेवया कापणारी लानफांग मागे न वळता म्हणाली, "तुमच्या कोटातून चुरा सांडत होता, भाऊ. मी पाहिला होता."

"मग बोलली का नाहीस?" काकूंनी तिला विचारलं.

"चार परक्यांसमोर दमलेल्या माणसाची झडती घ्यायला लावायची? आणि मला वाटलं, तुम्हीच बोलाल, भाऊ." सुरी क्षणभर थांबली. "संध्याकाळपर्यंत वाट पाहिली मी."

काकूंनी कमरेची किल्ली सोडून पोळपाटावर ठेवली. लानफांगनं ती कोपरानं बाजूला सारली आणि कापत राहिली. तिनंच मग शेवयांचं वाडगं तशुनसमोर आणून ठेवलं. तो नको म्हणाला. "खा," ती म्हणाली, तेवढंच. मान खाली घालून त्यानं ते संपवलं. तिखट होतं की आळणी, त्याला कळलं नाही.

कापणीची यंत्रं येईपर्यंत आणखी बरेच उन्हाळे तो त्या सपाटीवर गेला, पण त्या गावाला वळसा घालून. आता मुली संसाराला लागल्यात. धाकटी अजून आपल्या लेकरांना सांगते, "आमच्या बाबांनी खालच्या मुलखातून असे पाव आणले होते, की काय सांगू!" मुलं आजोबांच्या मागे लागतात, "सांगा ना, कसे मिळाले?"

"मिळाले," तो म्हणतो, आणि उठून अंगणात जातो.