पालथी वाटी

चार माणसं दर रविवारी एकाच टेबलाभोवती बसू लागली की किस्से साचतात, मोरीतल्या भांड्यांसारखे. आमचेही साचले. हसण्यासारखे आधी सांगते, लोकांना तेच आवडतात.

अमरावतीत गजूच्या बाबांचं हारफुलांचं दुकान. त्याच्या माडीवर आम्ही रोल-प्लेइंग गेम खेळायचो. गजू गेम मास्टर, म्हणजे गोष्ट सांगणारा. आम्ही त्या गोष्टीतली माणसं व्हायचं, काय करतो ते बोलायचं आणि फासे टाकायचे. खेळणारे तिघं: मी, ट्रॅक्टरच्या शोरूममधला विक्की आणि माझी कॉलेजची मैत्रीण प्रणाली. ती यासाठी अकोल्याहून गाडीनं यायची.

गोष्टीत खून, भुतं, सगळंच असायचं. म्हणून गजूनं इंटरनेटवर वाचून एक नियम केला. टेबलावर मधोमध स्टीलची रिकामी वाटी. एखादा प्रसंग सोसवत नसेल तर ती पालथी करायची. गजूनं तिथंच थांबून "मग सकाळ झाली" म्हणायचं आणि गोष्ट पुढं न्यायची. काहून, म्हणजे का, असं कोणी विचारायचं नाही.

"हे बायकायचे चोचले," विक्की म्हणाला. "मले काही बी चालते."

*

पहिल्याच रविवारी गोष्टीतल्या गुहेच्या छतावरून पाल पडली. वाटी पालथी झाली. केली होती विक्कीनं, आणि पाय खुर्चीवर घेतले होते!

गजूनं इमानदारीत सकाळ केली. काहून ते कोणीच विचारलं नाही, फक्त पोट धरून हसलो. विचारलं असतं तर त्याच्या मनाला कमी लागलं असतं.

*

मग गोष्टीतला विक्कीचा सरदार मरायला टेकला. विक्कीनं शांतपणे वाटी पालथी केली आणि म्हणाला, मले मरण सोसवत नाही.

गजू म्हणाला, वाटी भीतीसाठी आहे, हरण्यासाठी नाही. दोघं संध्याकाळपर्यंत भांडले. सरदार वाचला, पण त्या दिवसापासून वाटी पालथी झाली की गजू आधी समोरच्याचं तोंड पाहू लागला, हा खरं बोलतो की खोटं.

*

एकदा राजाचा गळा कापायचा बेत होता. गजू इतकं रंगवून सांगू लागला की मी वाटी पालथी केली. तेवढ्यात गजूची आई चहा घेऊन आली.

"कोणाले मारून राहिले रे तुमी?"

राजाले, गजूनं सांगितलं. मारा, पण चहा पिऊन मारा, असं म्हणत तिनं पालथी वाटी सुलटी केली आणि तीत शेंगदाणे ओतले.

"वाटी सुलटी झाली," गजू म्हणाला, "आता कापू." सगळे हसले. राजाचा गळा कापला गेला आणि शेंगदाणे संपले.

*

आता न हसण्यासारखा. प्रणालीच्या मोठ्या बहिणीचं लग्न तिच्या मनाविरुद्ध लावून दिलं होतं. वर्षभरात ती माहेरी परत आली आणि अजून अंगणात येत नाही. हे मला माहीत होतं, गजूला नव्हतं. माहीत असायची गरजही नव्हती, वाटी त्यासाठीच होती. प्रणाली म्हणायची, काही न सांगता थांबवता येतं अशी ही एकच जागा आहे.

त्या रविवारी गजूच्या गोष्टीत एका पोरीला म्हाताऱ्या जहागीरदाराच्या खोलीत ढकललं. बाहेरून कडी लागली. प्रणालीनं वाटी पालथी केली.

"काहून?" गजूनं विचारलं.

मी म्हटलं, गजू, वाटी पालथी हाय.

"दोन मिनिटं. सीन संपू दे," तो म्हणाला आणि जरा हळू आवाजात तेच सांगत राहिला. प्रणालीनं बॅग उचलली. गाडीची वेळ झाली म्हणाली. गाडीला अजून दोन तास होते.

गजू म्हणाला, खेळच हाय ना बे, खरं थोडीच हाय. मला त्याची तेव्हा किळस आली. अजून येते.

*

गजूचे बाबा वारले तेव्हा प्रणाली भेटायला आली. पुढं काही दिवसांनी गजूनंच फोन केला, म्हणून खेळायलाही आली. वाटी मधोमध होतीच.

गोष्टीत किल्ल्याचा म्हातारा पहारेकरी मरायला टेकला होता. खजिन्याची वाट त्यालाच ठाऊक. विक्कीनं सहज विचारलं, "म्हातारा मरतानी काय म्हणते?"

गजूनं हात पुढं केला आणि वाटी पालथी केली. गोष्ट सांगणाऱ्यानं ती पालथी केलेली आम्ही कधी पाहिली नव्हती. मग सकाळ झाली, असं आता कोणी म्हणायचं, तेच कळेना.

प्रणाली त्याच्याकडे बघत होती.

"दोन मिनिटं, गजूभाऊ," ती म्हणाली. "सीन संपू दे."

मी तिला थांबवलं नाही. गजू म्हाताऱ्याच्या आवाजात, अडखळत, बोलला.

"फुलायवर पाणी मारजो."

प्रणालीच्या गाडीची वेळ झाली होती. ती उठली नाही.