गाण्याच्या प्लेयरवरचा फोन

आमच्या घरी जो फोन होता, तो फोन नव्हताच. गाणी ऐकायचा प्लेयर होता, काचेवर बोट फिरवायचा. वरठीच्या कारखान्यात वेल्डिंग शिकून दादा आखातात गेला आणि पहिल्या सुट्टीला एकसारखे दोन प्लेयर घेऊन आला. एक त्याला, एक आम्हाला. त्याच्या साइटवर कॅमेऱ्याचा मोबाईल चालत नसे, गेटवरच जमा करून घ्यायचे. प्लेयरला कोणी हात लावत नव्हतं. गाणी ऐकते बिचारा, ऐकू द्या. कॅम्पच्या जेवणाच्या शेडमध्ये वायफाय होतं, आणि या प्लेयरवरून त्या प्लेयरवर इंटरनेटचा फोन फुकटात लागायचा.

"याच्यात सिम नाही, तं मंग बोलते कसा?" माय दर वेळी विचारायची. मी समजावून समजावून थकले. शेवटी म्हटलं, "बोलते ना? मंग तुले काय करा लागते?"

वायफाय आमच्या घरी कुठलं! मोहाडीत तेव्हा तहसीलच्या रस्त्यावर वरच्या मजल्यावर एक कॉम्प्युटर क्लास होता. मी तिथं शिकले होते म्हणून सर पासवर्ड द्यायचे. दादाची सुट्टी आठवड्यातून एकच, आणि ती नेमकी आमच्या बाजाराच्या दिवशी. दर बाजाराला मी आणि माय तो जिना चढायचो. इअरफोनचं एक टोक तिच्या कानात, एक माझ्या. प्लेयरला माईक नव्हता. माईक वायरीतच होता, उजव्या कानाच्या वायरीवर, वालाच्या दाण्याएवढा. माय तो तोंडात घालायचाच काय तो बाकी ठेवायची.

मग माय आजारी पडली. पोट फुगलं, पाय सुजले. भंडाऱ्याच्या डॉक्टरनं दोन आठवडे ठेवून घेतलं आणि एक दिवस म्हटलं, घरी न्या. घरी न्या म्हणजे काय, ते आमच्याकडे लेकरालाही कळते. दादाचा पासपोर्ट कंपनीजवळ, आणि कंपनी सोडायला तयार नाही. मी कॅम्पच्या ऑफिसात आयएसडी लावला. तिथला माणूस इंग्रजीत थांबा म्हणाला आणि फोन ठेवून दिला. असं तीनदा. मी त्याला अशा शिव्या घातल्या की काही विचारू नका. त्या त्याला समजल्या नसतील, याचंच दुःख.

त्या आठवड्यात क्लासवर एकटीच गेले तर दादा ढसाढसा रडला. "मले फक्त तिचा आवाज ऐकव वो. एक डाव. मंग काही मांगत नाही." आणि इकडे माय दिवसभर तेच. दादाला ती बाबूच म्हणायची. बाबूशी बोलायचं आहे. औषध नको, पेज नको, बाबूशी बोलायचं आहे.

मी ठरवलं, पुढच्या बाजाराला न्यायचंच. शेजाऱ्यांचा लोडिंग ऑटो मागितला. चौघांनी खाटेसकट मायला त्यात चढवलं आणि ऑटो क्लासच्या खिडकीखाली, बरोबर भिंतीला लावून उभा केला. वायफाय तिथवर यायचं, मी आदल्या दिवशी पाहून ठेवलं होतं. बाबा खाटेचा पाय धरून उभे. बाजूला भाजीवाल्या, समोर मिरच्यांचे ढीग, आणि आमचा हा तमाशा. लोक पाहतात तर पाहू दे, म्हटलं.

फोन लागला. मायच्या उजव्या कानात काही येईना, म्हणून डावं टोक लावलं आणि त्यालाच कान टेकवून मीही ऐकू लागले. दादाचा आवाज अगदी साफ. "माय? हॅलो? माय?"

"बाबू!" माय म्हणाली.

"हॅलो? कोणी हाय का? आवाज येऊन नाही राहिला."

तो लांब आहे म्हणून ऐकू जात नसेल, असं मायला वाटलं. कुठून आणला जोर देव जाणे, तिनं हाक मारली. "बाबू! बाबू रे! मी बोलून राहिली!" पाणीसुद्धा गिळता येत नव्हतं तिला. भाजीवाल्या भाव सांगायच्या थांबल्या. मिरचीवाला उठून उभा राहिला. आणि कानात दादा, "हॅलो? हॅलो?"

मी वायर चाचपली. माईकच्या खाली एका जागी बोटाला जरा वेगळं लागलं. बाबांकडे पाहिलं.

"काल खाटेच्या पायात येऊन तुटली होती," बाबा म्हणाले. "म्या सांधली. दिसते का कोठी?"

नव्हतीच दिसत. बाबांनी जन्मभर कोशाचं रेशीम विणलं. मागावर तुटलेला धागा असा सांधायचा, की विकत घेणाऱ्याच्या बापालाही सापडू नये, हाच त्यांचा धर्म. वायरीतल्या केसाएवढ्या तारा त्यांनी रंग पाहून जोडल्या होत्या, लालला लाल, हिरव्याला हिरवी, राख लावून पीळ दिलेला. त्या तारांवर तो रंग म्हणजे लेप असतो, तो जाळल्याशिवाय आवाज पुढं जात नाही, हे मला नंतर मोबाईल दुरुस्तीवाल्यानं सांगितलं.

"बाबा, हे सूत होय का?" मी भर बाजारात ओरडले. "सांगता नाही आलं मले? तोंड नव्हतं?" बाबांनी हात मागे घेतला. त्या ओरडण्याची माफी मी कधी मागितली नाही, आणि आता मागायला बाबा नाहीत.

प्लेयरवर लिहून पाठवता यायचं. मी लिहिलं, वायर खराब आहे, माय ऐकते आहे, तू बोल. तर दादा भडकला. "दुसरी वायर लाव! कोणाची तरी आण! मले तिचा आवाज पाह्यजे, आवाज!" कुठून आणू? तसली वायर मोहाडीत नव्हती, भंडाऱ्यात नव्हती. त्याला शेडमध्ये वीस मिनिटं मिळायची. त्यातली दहा तो वायरीवरच ओरडला, आणि माय इकडे बाबू बाबू करत अर्धी झाली.

मग मी लिहिलं, "मायची वाचा गेली आहे. वायर आणून उपयोग नाही. तू बोल."

दादाचं ओरडणं थांबलं. मग तो बोलायला लागला. माय, तू नको बोलू, मी बोलतो. पुढच्या महिन्यात येतो. तुह्या हातची लाखोळीची भाजी खाईन. माय "हाव, हाव" करत होती, डोळे मिटून. आवाज बंद झाला तेव्हा मला विचारलं, "त्याले आयकू गेलं ना?"

"गेलं वो माय. समदं गेलं."

तिसऱ्या दिवशी माय गेली.

दादा सात महिन्यांनी आला. मायची वाचा गेली होती हे खोटं मी तसंच राहू दिलं. कोणत्या तोंडानं सांगणार होते? एकदा सांगितलं असतं तर बाबांचं नावही निघालं असतं. दुसऱ्या दिवशी त्या बाजारातली एक भाजीवाली बाई भेटायला आली. दादाच्या पाठीवरून हात फिरवत म्हणाली, "लय नशिबाचा हायेस बाबू. जाता जाता मायनं तुह्याच नावानं हाका मारल्या. अख्ख्या बाजारानं आयकल्या."

दादानं माझ्याकडे पाहिलं.

"अख्ख्या बाजारानं?"

मी मान हलवून हो म्हटलं.