खळीचं पातेलं

लग्न होऊन मी लालबागच्या चाळीत आले आणि दोनच महिन्यांत बांगलादेशची लढाई लागली. शत्रूचं विमान नेमकी माझी नवी नथ हेरून खाली येणार, अशी माझी पक्की समजूत. तेवढीच अक्कल!

घरात सासरे, नवरा आणि धाकटा दीर. दीर गावी आईजवळ वाढलेला. बाप म्हणजे मे महिन्यात ट्रंक घेऊन येणारा पाहुणा. आई गेली तेव्हा विशीच्या आतबाहेरचा हा मुलगा मुंबईला आला. चाळीत मित्र नाही. बाप-लेक एका खोलीत, पण बोलणं माझ्यामार्फत. तो समोर बसलेला असला तरी सासरे मला म्हणत, "त्याका विचार, जेवलो काय."

ब्लॅकआऊटसाठी खिडक्यांना काळे कागद चिकटवायचे होते. सासरे गिरणीत सुताला खळ लावणाऱ्या खात्यात. त्यांनी माझं भाताचं पातेलं उचललं आणि मैद्याची खळ शिजायला ठेवली. साडीला डाग नको म्हणून मी लांब. ढवळायला दीर बसला.

"ढवळ मरे, गुठळी होतली!"

"ढवळतंय मां!"

जरा वेळाने सासरे म्हणाले, "आवस तुझी पेज अशीच ढवळी?"

"नाय. ती गाणी म्हणत ढवळी."

"माका म्हायत नव्हता."

मग रोज संध्याकाळी दोघं पातेलं घेऊन चाळभर फिरू लागले. दीर खळ फासायचा, सासरे कागद दाबायचे. आई कुणाशी भांडायची, कशाला हसायची, मुलगा सांगे आणि बाप ऐके. एकदा तर जिन्यात दोघांना खो खो हसताना मी ऐकलं.

"उद्या वरच्या मजल्यार," सासऱ्यांनी सांगून ठेवलं होतं. खळ शिजून तयार होती. तेवढ्यात रेडिओवर बातमी आली, लढाई संपली. पहिला कागद कुणी टराटरा फाडला? मीच! माझ्या मागोमाग सगळ्या चाळीने.

दीर पातेलं धरून उभा. "बाबा, आता?"

"आता काय? ड्युटी." सासऱ्यांनी सदरा चढवला.

दुसऱ्या दिवशी वाळलेली खळ मी काथ्याने घासघासून काढली, दोघांना शिव्या देत. पातेलं कसं चकचकीत केलं! रात्री सासरे पानावर बसले. दीर समोरच होता.

"त्याका विचार, जेवलो काय."

आणि मी शहाणी, घरात आपली किंमत परत आली म्हणून ऐटीत विचारायला वळले.