फुलावरची तारीख

आमच्या गेमचा एक मिनिटाचा व्हिडिओ आम्ही इंटरनेटवर टाकला, तेव्हा गेम अर्धासुद्धा झालेला नव्हता. आम्ही म्हणजे दोघंच. बोरगावचा माझा मित्र चित्रं काढतो, आणि मी पांढुर्ण्यात घरी बसून प्रोग्राम लिहितो. व्हिडिओत संत्र्याचा बगीचा होता, हात मागे बांधून त्यातून चालणारा एक म्हातारा होता, आणि शेवटी एकच शब्द, ‘लवकरच’. तारीख नव्हती. या धंद्यात असंच चालतं. आधी चव दाखवायची, वाट बघायला कोण तयार आहे ते पाहायचं, मग सावकाश काम करायचं. मोठ्या कंपन्या तर नुसता एक डोंगर दाखवून वर्षानुवर्षं गप्प बसतात, आणि लोक त्या डोंगराच्या दगडांवरून भांडत राहतात.

मला मात्र हे धंद्याने शिकवलं नाही, बाबांनी शिकवलं. बाबा संत्र्याचे व्यापारी. झाडावरचा माल ते नजरेने मोजायचे. झाडाभोवती एक फेरी मारायची आणि आकडा सांगायचा, बस. तोड्याला फळं उतरवली आणि आकडा चुकला की त्या दिवशी ते जेवताना कुणाशी बोलत नसत. आई ताट वाढून आत जायची. पण अंबिया बहाराला झाड फुलांनी कितीही पांढरं झालेलं असो, तोड्याची तारीख त्यांनी कधी सांगितली नाही. म्हणायचे, “फुलावर तारीख बोलू नाही. मधात गारपीट हाये, फळाची गळ हाये.”

गावाला हे कुठलं पटायला! पांढुर्ण्यात एखादी गोष्ट जाहीर केली की लोक ते आमंत्रणच समजतात. पानठेल्यावर विचारणा, किराणा दुकानात विचारणा. एका साक्षगंधात तर नवरदेव राहिला बाजूला, लोक मलाच विचारत होते, “काय भाऊ, कवा येऊन राहिला तुमचा गेम?” ज्यांनी जन्मात गेम खेळला नाही त्यांनाही तारीख हवी होती. ‘लवकरच’ म्हटलं की असे बघायचे, जणू मीच पोरीचं लग्न लांबवणारा बाप. माझं डोकं फिरायचं.

बाबांनी तेवढं कधी विचारलं नव्हतं.

त्यांना काचबिंदू झाला होता. मोतीबिंदू असता तर काढून टाकला असता. काचबिंदूत गेलेली नजर परत येत नाही, राहिलेली औषधाने जमेल तितकी सांभाळायची, असं नागपूरच्या डॉक्टरांनी समजावून सांगितलं. बाबांना समोरचं तेवढं दिसायचं, कडेचं सगळं गेलेलं. परतीच्या गाडीत ते खिडकीशी बसले होते. नरखेड गेल्यावर म्हणाले, “तुझा तो गेम कवा व्हायचा?”

“बाबा, तुम्हीच तर म्हणता, फुलावर तारीख बोलू नाही.”

“ते झाडाचं झालं. झाडाले घाई नसते.” मग म्हणाले, “मले पाह्यचा हाये तो.”

मला स्वतःची लाज वाटली. व्हिडिओतला म्हातारा तेच होते आणि ते मी त्यांना सांगितलंही नव्हतं. सगळा गेम त्यांच्याच कामाचा, बगीच्यात फिरायचं, झाड बघायचं आणि आकडा सांगायचा. बरोबर आला की पुढचं झाड. मी पटकन बोलून गेलो, “पोळ्याच्या आत दाखवतो.” आयुष्यात पहिल्यांदा मी तारीख दिली होती.

मित्र आधी चिडला, मग मोटरसायकल काढून आला. बाकी सगळं बाजूला ठेवून आम्ही एकच झाड पुरं करायला घेतलं. त्यावरच्या फळांचा आकडा मीच लिहिला होता, सहाशे.

पोळ्याच्या आदल्या दिवशी टीव्हीला कॉम्प्युटर जोडला. बाबांनी खुर्ची अगदी पडद्यापाशी ओढली. हात मागे बांधता येईनात म्हणून मांडीवर ठेवले. मी बटणं दाबून झाडाभोवती फेरी मारली. पूर्वी ते झाड एका नजरेत घ्यायचे. आता मान हलवत तुकड्या-तुकड्याने पाहत होते. उजवीकडची मोठी फांदी त्यांनी दोनदा मोजली. मला ते दिसत होतं, तरी मी बटणं दाबत राहिलो.

“नऊशे,” बाबा म्हणाले. “पाह्य बरं, बरोबर हाये का?”

“उत्तराचा भाग जोडायचा राहिला आहे, बाबा. उद्या सांगतो.”

ते उठून हात धुवायला गेले. मी मित्राला फोन लावला. तीनशे फळं वाढवायची म्हटल्यावर तो ओरडलाच, “अरे, फांद्या मोडतीन!”

“मोडू दे,” मी म्हणालो.

गेम अजून आलेला नाही. पानठेल्यावर मी अजूनही ‘लवकरच’ म्हणतो. पण पोळ्याला सकाळी बैल सजायच्या आधी बाबांना पुन्हा टीव्हीसमोर बसवलं आणि त्यांचा आकडा टाकला. पडद्यावर ‘बरोबर’ आलं. अक्षरं मोठी ठेवली होती.

त्या दिवशी जेवताना बाबा खूप बोलले.