वझलवारकाकांचा अंगठा

वझलवारकाका हात मिळवताना अंगठा बाजूला ठेवत. पहिल्या भेटीत मला तो शिष्टपणा वाटला आणि ते माझ्या चेहऱ्यावर दिसलंही असावं. "चिडू नको बाप्पा," ते म्हणाले, "आमचं सगळं गाणं या अंगठ्यात आहे."

नागपूरहून अ‍ॅशबर्नला आलेला, आयटीतून निवृत्त झालेला हा गृहस्थ जुन्या अमेरिकन कंट्री संगीताच्या नादी लागला होता. इथल्याच डोंगराळ भागात फार पूर्वी एक गायिका होऊन गेली. ती गिटारच्या जाड तारांवर अंगठ्याने चाल वाजवायची, बोटांनी बारीक तारांवर ताल धरायची आणि वर गायचीसुद्धा. काकांनी ते तिच्या रेकॉर्डी ऐकून उचललं होतं.

दर रविवारी दुपारी ते गावाबाहेर गोल करून बसणाऱ्या वादकांत जात. तिथला रिवाज असा, की गाणं संपवायचं झालं की ते धरणारा माणूस एक पाय उचलतो. काकांनी आमच्या मंडळाच्या गणपतीतही तेच केलं. तबल्यावरच्या मंदारला हे कुठलं माहीत? काका पाय उचलून बसलेले आणि मंदार ठेका सोडेना. शेवटी प्रेसिडेंटकाकू बाम घेऊन स्टेजवर धावल्या. "काका, मला वाटलं क्रॅम्प आला, म्हणून मी कव्हर करत होतो," मंदार नंतर म्हणाला.

पुढच्या वर्षी काकांचा अंगठा आखडू लागला. संधिवात. डॉक्टरांनी गिटार बंद करायला सांगितलं आणि काका प्रथमच घाबरलेले दिसले. "पोरगी म्हणते, बाबा, यूट्यूबवर सगळं आहे. पण हातातून हातात गेल्याशिवाय हे टिकते काय?" मग त्यांनी मला धरलं. त्यांच्या घरामागच्या लाकडी डेकवर माझी शिकवणी सुरू झाली. माझी बोटं पुढे पळाली की म्हणत, "काहून घाई करून राहिली? मीटिंग आहे काय?"

बऱ्याच महिन्यांनी मी रविवारच्या त्या गोलात त्या गायिकेची एक चाल वाजवली. काका शेजारी रिकाम्या हातांनी बसले होते. समोरचा बँजोवाला म्हातारा खूश होऊन म्हणाला, "यू प्ले जस्ट लाइक हिम."

"नो, लाइक हर," काकांनी तिथल्या तिथे दुरुस्ती केली आणि माझ्याकडे वळून हळूच म्हणाले, "मी फक्त मधला."

काका गेल्या हिवाळ्यात गेले. मला त्यांची फार आठवण येते. रविवारी कुणी विचारलं, हा हात कुणाचा, तर मी त्या बाईचं नाव सांगायला हवं. मी काकांचं सांगते. रागावायचं तर काका रागावोत.