हेडफोन मीच जोडले

आमच्या केतकीला नोकरी लागली ती माझ्यामुळे. घरातलं दुसरं कुणी हे कबूल करायचं नाही, म्हणून मीच सांगून टाकते.

मुलाखत पुण्याच्या एका कापड कंपनीची होती. सकाळी अकराला, घरच्या कॉम्प्युटरवर. वर्षभर पोरगी अर्ज करत होती आणि बोलावणं आलं ते या एकाच ठिकाणाहून. मैत्रिणीचे बिनवायरचे हेडफोन आणून ती म्हणाली, "जोडायला कुणाला तरी बोलावते."

"का? मी मेले का?" मी म्हटलं. (मी शिकवते त्या शाळेतला प्रोजेक्टर मी दोनदा सुरू केलाय. एकदा तर पहिल्याच झटक्यात!) "तू तयार हो. हे मी बघते."

ब्लूटूथ लावलं. पडद्यावर एकच नाव आलं, इंग्रजी अक्षरं आणि पुढे आकडे. एकच स्थळ आलंय म्हटल्यावर पत्रिका कशाला बघायची! दाबलं. 'कनेक्टेड' आलं. मी देवापुढे साखर ठेवली.

अकरा वाजले. पडद्यावर दोन साहेब आणि एक बाई प्रकटल्या. त्यांचे ओठ हलायला लागले. केतकी हेडफोन घालून नुसती हसत बसलेली.

"आई, काहीच ऐकू येईना!" ती दातातल्या दातात म्हणाली.

"कनेक्टेड आहे! मी डोळ्यांनी बघितलंय! नीट लक्ष देऊन ऐक की!"

एवढ्यात पडद्यावरच्या बाई खुदकन हसल्या. साहेब मान डोलवत वहीत काहीतरी लिहू लागले.

"बघ, तुझी छाप पडायला लागली."

"अगं, मी अजून तोंड उघडलं नाही!"

तेवढ्यात बाहेरच्या खोलीतून आप्पांचा आवाज आला. आप्पा म्हणजे माझे सासरे. चाळीस वर्षं नव्या पेठेतल्या दुकानात गिऱ्हाइकांपुढं कापड उलगडण्यात गेली. आता ऐकू कमी येतं, म्हणून गेल्याच महिन्यात कानाला नवं मशीन घेतलंय. (ब्लूटूथचं! मोबाइलवरचं बोलणं थेट कानात.)

"गिऱ्हाईक माल परत घिऊन आलं तर? आदी पाणी द्यायचं. पाणी पिताना माणूस भांडत न्हाय. मग चादर त्याच्याच हातानं उलगडून घ्यायची!"

मी धावले. आप्पा मांडीवर पेपर ठेवून भिंतीशी बोलत होते.

"आप्पा, कुणाशी बोलताय?"

"मशीनवाले हायत. तपासायला फोन करतो म्हणाले हुते की. लई चांगली माणसं, धंद्याचं इचारायल्यात."

"आप्पा, मशीन काढा!"

"काढल्यावर ऐकू कसं येणार?"

"ऐकूच नका!"

"थांब गं सूनबाई. बाई इचारायल्यात, पगार किती पायजे." आणि मी अडवायच्या आत ते भिंतीला म्हणाले, "तुमी प्रेमानं द्याल त्यो!"

"आप्पा, गप्प बसा!" केतकी आतून किंचाळली.

परत येऊन बघते तर तिनं ब्लूटूथ बंद केलेलं. टेबलावरच्या जुन्या स्पीकरमधून साहेबांचा आवाज खणखणीत येत होता. एवढी वर्षं सगळ्यांचा येतोय तसाच. पोरीची वर्षभराची मेहनत मी एका बोटानं घालवली होती!

केतकीनं मात्र हेडफोन काढून बाजूला ठेवले. "सर, आत्ता बोलले ते माझे आजोबा. आईनं चुकून त्यांच्या कानाचं मशीन जोडलं. ती उत्तरं माझी नाहीत. मला पहिल्यापासून विचारा."

साहेबांनी विचारलं. पोरगी अर्धा तास बोलली. कुठे अडखळली नाही, कुठे फुशारकी नाही. मी दाराआड उभी राहून पदर डोळ्याला लावत होते. एवढा अभिमान मला माझ्या स्वतःच्या नोकरीच्या वेळीही वाटला नव्हता.

आठ दिवसांत नेमणुकीचं पत्र आलं. पेढे वाटत मी सगळी गल्ली पालथी घातली. "कॉम्प्युटरचं सगळं मीच जोडून दिलं," असं शेजारच्या काकूंना सांगत होते, तेवढ्यात केतकी मागून आली.

"आई, एक विचारू? त्या दिवशी तू माझे हेडफोन चालू केले होतेस का?"

काकू पेढा हातात धरून माझ्याकडे बघायला लागल्या.

"चालू?" मी म्हटलं. "त्याला बटण असतं?"