पाटकरकाकांचं आघाडी सरकार

मस्कतला कुरुमच्या ऑफिसातून निघून गाडीत बसले, तेवढ्यात मंडळातल्या मिलिंद कांबळेचा फोन आला. "ताई, काका गेले..." म्हणाला आणि रडायलाच लागला. पाटकरकाका उपचारांसाठी पुण्याला गेले होते, त्यामुळे बातमी अगदीच अनपेक्षित नव्हती. पण ती मला मिलिंदकडून कळावी, आणि त्यानं "माझं हक्काचं माणूस गेलं" म्हणावं, हे काही मला उमगेना. काका तर आमचे होते! दुःखाच्या आधी मला चक्क राग आला.

इथलं आमचं छोटंसं मराठी मंडळ काकांनी काढलं. थट्टेनं ते त्याला 'आपला नवा देश' म्हणत. देश जन्मला आणि लगेच फुटायला निघाला. आम्हा मुंबई-पुण्याच्या काही घरांना मोठा उत्सव फक्त गणपतीचा हवा होता. मिलिंदच्या गटाचं म्हणणं, बुद्धपौर्णिमाही तेवढ्याच थाटात झाली पाहिजे, नाहीतर आम्ही वेगळे. काकांनी दोन्ही गटांना अल् खुवैरच्या आपल्या फ्लॅटवर बोलावलं. आम्हाला हॉलमध्ये बसवलं, त्यांना बेडरूममध्ये, आणि स्वतः चहाचा ट्रे घेऊन या खोलीतून त्या खोलीत... शेवटी सगळ्यांना एकत्र बसवून म्हणाले, "झालं, आघाडी सरकार आलं. दोन्ही उत्सव होणार. आता खातेवाटप. मिलिंद, गणपतीचं मखर आणि समया तुझ्या घरी. सुनीता, बुद्धपौर्णिमेची मूर्ती आणि पंचशील ध्वज तुझ्याकडे."

"काका, उलटं झालं," मी म्हटलं.

"उलटंच केलंय. यल्ला, चला, चहा संपवा."

निघताना मला बाजूला घेऊन म्हणाले, "तू माझ्या विश्वासाची, म्हणून तुला दिलं. दुसऱ्या कुणाला जमायचं नाही." त्या एका वाक्यावर मी इतकी वर्षं ते ध्वज सांभाळले. इथल्या दमट हवेत बुरशी धरू नये म्हणून ऊन दाखवलं, इस्त्री केली. नवरा चिडवायचा, "मंत्रीणबाई, खातं धुवायला काढलंत वाटतं!"

शोकसभेत मिलिंद बोलायला उभा राहिला आणि काकांनी आपल्याला काय सांगितलं होतं ते त्यानं सांगितलं. तेच वाक्य. शब्दन् शब्द तेच. आमच्यातलं कुणीतरी मागून पुटपुटलं, "डबल ढोलकी होते म्हणायचे काका." बाहेर पडेपर्यंत ठरलंसुद्धा... आपापलं सामान परत आणायचं, दोन मंडळं करायची, खलास.

मखर आणायला मीच गेले. मिलिंदच्या मुलांच्या खोलीचा अर्धा भाग त्या मखरानंच अडवला होता, वर स्वच्छ धुतलेली चादर. समया लखलखत होत्या.

"चिंच लावून घासतो, ताई. काका म्हणाले होते ना..." त्यानं मखरावरची चादर सारखी केली. मग म्हणाला, "खरं सांगा, काका नेमके कुणाचे होते?"

"अरे, मला वाटलं तुला माहीत असेल."

दोघांनाही हसू आलं आणि लगेच रडूही. मी चहा प्यायले आणि तशीच हात हलवत परत आले. गाडीत बसल्यावर आठवलं, आपण मखर आणायला गेलो होतो.

मंडळाचं पुढे काय होणार, अजून ठरलेलं नाही. काका माझ्याशी खोटं बोलले की मिलिंदशी, की कुणाशीच नाही, तेही मला ठरवता येत नाही. त्यांचा राग येतो आणि आठवण तर सारखीच येते. काल हवा फार दमट होती, म्हणून ध्वज बाल्कनीत काढले. नवऱ्यानं विचारलं, "आता कुणासाठी?"

मी जाऊन ध्वजांची दुसरी बाजू उन्हाकडे केली.